सही करू नकोस

आधी एक गोष्ट पक्की करून टाकू, बाकीचं सावकाश बोलू. सोमवारी शाळेच्या ऑफिसात बोलावून मॅडमनी कोरा कागद पुढे केला आणि 'जे काय आहे ते लिहून दे, खाली सही कर' म्हणाल्या, तर लिहायचं नाही. आवाज चढवायचा नाही, रडत बाहेर पळायचंही नाही. उभं राहून एवढंच म्हणायचं, 'मॅडम, वर्गात मला चिडवतात ही माझी तक्रार आहे, ती मी लेखी देते. बाकी मी काही लिहून देणार नाही.' हे वाक्य आरशासमोर म्हणून बघ. दहादा म्हण. ऐन वेळी घसा कोरडा पडला तरी ते तोंडातून आपोआप निघालं पाहिजे.

इतकं ठासून का सांगते ते ऐक. मार्च २०१८ मध्ये कोलकात्यातल्या मुलींच्या एका शाळेत दहा मुलींकडून 'आम्ही लेस्बियन आहोत' असं लिहून घेतलं होतं. पालक शाळेत धडकले, गोंधळ झाला, बातमी देशभर गेली. शाळेचं म्हणणं होतं की इतर मुलींनी तक्रार केली होती आणि या मुलींना वळणावर आणायचं होतं. त्या दहाजणींपैकी कोणाच्या मनात काय होतं हे विचारायचा हक्क कुणालाच नव्हता. ज्यांच्या मनात तसं होतं त्यांचं गुपित चव्हाट्यावर आलं, ज्यांच्या मनात नव्हतं त्यांच्याही नावावर तो कागद चढला. आणि याच्याही तीस वर्षं आधी, आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर असलेल्या भोपाळमधल्या लीला आणि ऊर्मिला या दोन महिला पोलीस शिपायांनी डिसेंबर १९८७ मध्ये देवळात एकमेकींशी लग्न केलं, तर दोघींना नोकरीवरून काढून टाकलं. त्यांच्याकडूनही कागदांवर सह्या घेतल्या होत्या. पगार कमावणाऱ्या, खाकी घातलेल्या बायकांची ही गत, तर दहावीतल्या पोरीला घाबरवणं किती सोपं असेल!

तोंडचं बोलणं विरून जातं, कागद फायलीत राहतो. उद्या मॅडमची बदली होईल, कागद तिथेच असेल, आणि तो दाखवून पुढच्या वर्षी कुणी तुझा दाखला अडवेल किंवा बाबांना बोलावून वाचून दाखवेल. म्हणून सही नाही. माफीनामाही नाही. माफी कशाची मागायची? एका मुलीला चिठ्ठीत 'तू नसलीस की शाळा नकोशी वाटते' असं लिहिलं, याची?

आता तुझ्या मनात जे घोळतंय त्याकडे येऊ. तू म्हणालीस, 'ताई, मला कुणी मारलं नाही, कुणी काही केलंही नाही, मग मी एवढी का खचले?' तुला मारलं नाही म्हणूनच तर कुणाला ते दिसत नाहीये. मुलींच्या बाबतीत हे असंच होतं. दोन पोरी हातात हात घालून नवरात्रात देवीला पायी जातात, एका डब्यात जेवतात, मावशीच्या लग्नात एका पांघरुणात झोपतात, आणि सगळे कौतुकानं म्हणतात, किती जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत. मग एक दिवस त्यातली एक केस कापते, किंवा गॅदरिंगमध्ये मुलाबरोबर जोडीनं नाचायला नाही म्हणते, किंवा कुणाच्या हातात चिठ्ठी पडते. त्या दिवशी मागचं सगळं नव्यानं वाचलं जातं. तेच हात, तोच डबा, पण आता प्रत्येकीला त्यात घाण दिसायला लागते.

मग कुणी भांडत नाही. फक्त सगळ्या सरकतात. पीटीच्या तासाआधी कपडे बदलायच्या वेळी पोट्ट्या पाठ फिरवतात. तू खोलीत शिरलीस की एकजण दुसरीला कोपरानं ढोसते. पाणी प्यायला नळावर गेलीस की रांग आपोआप विरळ होते. ग्रुपवर कुणीतरी चिठ्ठीचा फोटो टाकतं, खाली हसण्याचे चेहरे उमटतात, आणि सकाळी वर्गात 'लेस्बो' हा शब्द इतक्या हळू आवाजात येतो की कोण बोललं ते सांगता येत नाही. काल खो-खोत तुझ्या पाठीला खो नाही, धक्का बसला, आणि सरांनी 'खेळात होतंच असं' म्हटलं. यातली एकेक गोष्ट सांगायला गेलीस तर क्षुल्लक वाटते. ती रोज होते, सकाळच्या प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत होते, हे समोरच्याला दिसत नाही. तू उगाच खचलेली नाहीस, बाळा. यात कुणीही खचेल.

आणि आपली कॉलनी तुला मी काय सांगू! सगळ्यांचे बाबा पॉवर हाऊसला, जनरल शिफ्ट नाही तर रात्रपाळी, सगळ्यांच्या आया एका भजनी मंडळात. शाळेतली गोष्ट शाळा सुटायच्या आधी क्वार्टरवर पोचलेली असते. नागपुरात, धरमपेठेत नाही तर सीताबर्डीत, माणूस गर्दीत हरवू शकतो. कोराडीत तुला कुणी हरवू देत नाही. इथली माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, याच काकवांनी माझ्या आईच्या आजारपणात महिनोन्महिने डबे पोचवले. पण ज्यांच्या मायेवर आपण वाढलो त्यांनीच नजर फिरवली की परक्याच्या शिवीपेक्षा जास्त लागतं, हे मी भोगलंय.

मला नववीत पहिल्या बाकावर एकटीला बसवलं होतं, 'लक्ष राहावं' म्हणून. जिच्यात माझा जीव होता तिला दुसऱ्या तुकडीत टाकलं. कुणी मला काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही, फक्त बाक बदलला. पुढे फार वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की त्या वर्षी मी प्रेमासाठी रडत नव्हते. गणितात ज्या पोरीला माझी वही लागायची, जिला मी शिंक आली तरी सांगायची, ती मैत्रीण गेली म्हणून रडत होते. मोठ्या माणसांना वाटतं ते आपलं 'खूळ' काढून घेताहेत. ते आपली एकुलती एक सोबतीण काढून घेत असतात.

आता तू म्हणशील शाळाच सोडते, बाहेरून फॉर्म भरते. ना बा, हे मात्र मी तुला करू देणार नाही. युनेस्कोनं तमिळनाडूत आपल्यासारख्या तरुणांशी बोलून एक अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत असताना अंगावर हात टाकला गेला असं ६० टक्क्यांनी सांगितलं, आणि साधारण एक तृतीयांश जणांनी त्या छळापायी शिक्षण सोडलं. मला यातला दुसरा आकडा जास्त बोचतो. मुलानं शाळा सोडली तर तो गॅरेजमध्ये जातो, दुकानात जातो, चार पैसे मिळवतो, घराबाहेर राहतो. मुलीनं शाळा सोडली की ती घरात येते, आणि घरात बसलेल्या मुलीसाठी स्थळं यायला वेळ लागत नाही. तुला ज्या आयुष्याची भीती वाटते त्याकडे जाणारा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे शाळा सोडणं. तुझी दहावी, तुझी बारावी, मग तुझं वसतिगृह, तुझी नोकरी, तुझ्या नावाचं बँकेचं खातं, हे तुझं घराबाहेर पडायचं दार आहे, आणि ते तुला लाजवून कुणी बंद करायचं नाही.

केरळच्या आदिला आणि नूरा यांची गोष्ट शोधून वाच. सौदी अरेबियात शाळेत असताना दोघी भेटल्या. घरच्यांना कळलं, खूप झालं, ताटातूट झाली. पण दोघींनी शिक्षण सोडलं नाही. पदवी घेतली, स्वतःच्या पायावर उभं राहायची तयारी केली, आणि पुन्हा दोघींना वेगळं केलं गेलं तेव्हा आदिला कोर्टात गेली. ३१ मे २०२२ रोजी केरळ उच्च न्यायालयानं दोघींना एकत्र राहायची मोकळीक दिली, कारण दोघी सज्ञान होत्या. सज्ञान. हा शब्द मनात ठेव. आज तू सोळाची आहेस. आज पळून जायचा विचार मनात आला तर तो तिथेच थांबव. अठरा पूर्ण होईस्तोवर कायदा तुला आईबापांच्या ताब्यात धरतो, आणि पळून गेलेल्या दोन मुलींवर काय काय बेतू शकतं ते मी तुला लिहून सांगणार नाही. अठरानंतर तू कुठे राहायचं, कुणाबरोबर राहायचं, हे तुझं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयांना बजावून सांगितलं आहे की अशी सज्ञान मुलगी समोर आली तर समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नका, तिची इच्छा विचारा.

असं प्रेम हा गुन्हा तर नाहीच. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचं संमतीचं नातं बाहेर काढलं. त्याच्या वर्षभर आधी, २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात त्याच न्यायालयानं म्हटलं होतं की कुणाला कुणाबद्दल ओढ वाटते ही माणसाची खासगी बाब आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर सरकारलाही मागता येत नाही, ते ऑफिसातल्या खुर्चीवरून कुणी कसं मागेल? लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारला गेला. मला त्याचं खूप वाईट वाटलं. तुला मी गोड गोड सांगणार नाही, अजून पुष्कळ व्हायचं आहे.

आजारही नाही. १७ मे १९९० ला जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये तेच जाहीर केलं. हे मुद्दाम सांगते, कारण काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, कळलं तर त्या पहिल्यांदा दोन गोष्टी करतील. जगदंबेला नवस बोलतील, आणि तुला कुणाकडे तरी 'दाखवायला' नेतील. नवसाला तू काही म्हणू नकोस. आपल्या देवीचं रूप सकाळी कन्येचं, दुपारी तरुणीचं, संध्याकाळी प्रौढेचं दिसतं म्हणतात. तिच्यासमोर उभी राहिलेली आई आपल्या पोरीसाठीच काहीतरी मागते, तिला मागू दे. पण डॉक्टर गोळ्या-इंजेक्शनांनी 'बदलून देतो' म्हणाला, तर तो डॉक्टर खोटा. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्येच असल्या उपचाराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे, आणि तशी तक्रार झाली तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. कुणा बाबाकडे, मांत्रिकाकडे नेलं, उतारा-अंगारा करून मारझोड सुरू झाली, तर महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. अशा वेळी १०९८ लाव. मुलांसाठीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. अठराच्या आत लग्न लावायला निघाले तरी हाच नंबर.

डॉक्टर म्हटलं की मला नागपुरात साखरपुडा केलेल्या दोघी आठवतात. पारोमिता मुखर्जी आणि सुरभी मित्रा. दोघी डॉक्टर, सुरभी तर मनोविकारतज्ज्ञ. जानेवारी २०२२ मध्ये त्यांची बातमी आली, की नागपुरात घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या साक्षीनं त्यांनी एकमेकींना अंगठ्या घातल्या. इथे, आपल्या जिल्ह्यात, मुंबईत नाही की परदेशात नाही. ते फोटो मी किती वेळ बघत होते! पारोमितांनी सांगितलं होतं की वडिलांना २०१३ पासूनच ठाऊक होतं, आईला सांगितलं तेव्हा तिला धक्का बसला, आणि मग मुलीचं सुख पाहून ती राजी झाली. आई राजी व्हायला वेळ लागतो, कधी फार लागतो, पण तो वेळ फुकट जातोच असं नाही. आणि सुरभींनी म्हटलं होतं की त्यांच्याकडे कितीतरी माणसं येतात, जी स्वतःसाठी उभी राहू शकली नाहीत म्हणून दुहेरी आयुष्य जगताहेत. म्हणजे तुझ्यासारख्या, माझ्यासारख्या याच शहरात पुष्कळ आहेत. नागपुरात २०१६ पासून प्राइड मार्च निघतो, सारथी ट्रस्टसारखी संस्था इथेच काम करते. तू लगेच तिथे जायला हवं असं नाही. पण आहे, एवढं ठाऊक असलेलं बरं.

घरी सांगायचं का, हे तू विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नाही. दहावीचं वर्ष आहे, तू त्यांच्या छताखाली आहेस, फोन त्यांच्या हातात, फी त्यांच्या हातात. सांगणं हे कुणाचं देणं नाही जे मुदतीत फेडलंच पाहिजे. न सांगणं म्हणजे खोटं बोलणंही नाही. कुणी धाडसाच्या गोष्टी सांगून तुला आत्ताच बोलायला लावत असेल तर ऐकू नकोस, कारण नंतर दार आतून लावलं गेलं तर ते धाडस सांगणारे तिथे नसतील. शाळेतून घरी फोन गेलाच तर काकूंना एवढंच सांग, की वर्गात मुली चिडवतात, माझी चिठ्ठी चोरून फोटो काढला. हे खरं आहे. पुरेसं खरं आहे. त्यापुढचं तुझ्या सवडीनं. आणि मार बसायला लागला, जेवण बंद झालं, कोंडून ठेवलं, तर मी एका फोनवर येते, मध्यरात्री असलं तरी.

जिला चिठ्ठी लिहिलीस तिच्याबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण मी बोलणार आहे. ती तुझ्याशी बोलत नाहीये, पोरींमध्ये जाऊन बसते, परवा तर तुझ्यावर हसली. तुला वाटतं तिनं दगा दिला. ती घाबरली आहे गं. चिठ्ठी तिच्या दप्तरात सापडली, नाव तिचंही निघालं, आणि तिच्या घरी मोठा भाऊ आहे. हसल्यावाचून तिला त्या घोळक्यात बसू दिलं नसतं. तिला माफ कर असं मी म्हणत नाही, दुखलंय ते दुखलंय. पण सूड म्हणून तिचे मेसेज कुणाला दाखवू नकोस. ऑफिसात तिचं नाव घेऊ नकोस, कितीही विचारलं तरी. आणि फोनमध्ये दोघींचं जे काही आहे, त्याला नवा पासवर्ड लाव. फोटो कुणालाच पाठवायचे नाहीत, तिलाही नाही, कुठल्याही अॅपवर भेटलेल्या 'समजून घेणाऱ्या' मैत्रिणीला तर नाहीच. त्या मैत्रिणीच्या फोटोमागे कोण बसलंय हे तुला कळायचं नाही.

रोजचं कसं काढायचं, तर एक माणूस शोध. वर्गातली ती सावळी, चष्मेवाली पोट्टी, जी मधल्या सुट्टीत तुझ्याजवळ डबा घेऊन आली आणि एक शब्द न बोलता बसली, तिला धरून ठेव. तिला सगळं सांगायची गरज नाही. तिच्याबरोबर नळावर जा, तिच्याबरोबर सायकल काढ. एकट्या मुलीला घेरतात, दोघींना घेरायला विचार करतात. शिक्षकांमध्येही एखादी असते. ज्या मॅडम वर्गात कुणावरच कुचकं बोलत नाहीत, कुणाच्या रंगावर, जातीवर, घरावर नाही, त्या बघ. त्यांच्यापाशी चिडवण्याचं बोल. मार्च २०२२ पासून सरकारनं प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमायला सांगितली आहे, ती तुमच्याकडे कोण बघतं ते त्या मॅडमना विचार. आणि महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. ज्या कृत्यानं विद्यार्थ्याला भीती वाटेल, लाज वाटेल, मनाला इजा होईल, तेही त्यात येतं. लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची असते. शाळेला हे माहीत असतं. तुला माहीत आहे हे शाळेला कळलं की बोलण्याचा सूर बदलतो.

आणखी एक विचारते, खरं सांग. जीव नकोसा होतो का कधी? तलावाकडे जाऊन बसतेस ते नुसतं बसायला की आणखी काही मनात येतं? रागवणार नाही मी. असं वाटलं म्हणून तू कमकुवत ठरत नाहीस, इतके दिवस एकटीनं सोसलंस म्हणून तसं वाटतं. तसं वाटेल त्या क्षणी मला फोन लाव. मी उचलला नाही तर १४४१६ लाव, टेलिमानस, सरकारी आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. नाव सांगितलं नाहीस तरी बोलतात. आणि तलावाकडे काही दिवस एकटी जाऊ नकोस, माझ्यासाठी तरी.

रविवारी दुपारी ये. आई भजनाला गेलेली असते, घर मोकळं असतं. आपण दोघी बसून तक्रार लिहू. कुठल्या तारखेला, कुठल्या तासाला, कोणत्या शब्दात, कोणासमोर, असं नेमकं लिहायचं. ग्रुपवरच्या त्या फोटोचा स्क्रीनशॉट तुझ्या फोनमध्ये असेल तर जपून ठेव, रागाच्या भरात पुसू नकोस. दोन प्रती काढू, कॉलनीच्या गेटपाशी झेरॉक्स उघडं असतं. एक शाळेत द्यायची, दुसरीवर ऑफिसातून तारखेचा शिक्का घ्यायचा. बाई 'ठेवून जा, बघू' म्हणाल्या तरी शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही. आणि येताना बीजगणिताचं पुस्तक आण. दोन प्रकरणं मागे पडली म्हणालीस ना, संध्याकाळपर्यंत एक तरी उरकू.